उघडं छत, पत्रा आणि पर्लिनमधलं अंतर : कामाच्या नोंदी

६ जानेवारी

नवीन काम. गाड्या लावायचं उघडं छत, लांबी १२ मीटर, खोली ५.४ मीटर, भिंत एकाही बाजूला नाही, पाणी एकाच अंगाला उतरणार. दर ३ मीटरवर फ्रेम, फ्रेमवर आडवे पर्लिन (पत्र्याला टेकू देणारे पाइप) आणि त्यावर ढाळाच्या दिशेने ३० मिमी उंचीचा ट्रॅपेझॉइडल पत्रा, दर २०० मिमीला एक रिब (वर उठलेली घडी). माझ्या ड्रॉइंगमधे चार पर्लिन आहेत, म्हणजे १.६ मीटरचे तीन गाळे आणि दोन्ही टोकांना ०.३ मीटर पत्रा बाहेर.

संध्याकाळी आर्किटेक्टचा फोन. खालून बघताना पाइपांची गर्दी वाटते, एक पर्लिन काढा, तीनच ठेवा. म्हणजे स्पॅन (दोन पर्लिनमधलं अंतर) २.४ मीटर. पाठोपाठ पत्रेवाल्याच्या स्पॅन टेबलचा (पत्रा किती अंतराला चालेल त्या तक्त्याचा) फोटो आला, त्यात २.४ भोवती लाल गोल. "टेबल तर हो म्हणतंय."

बघते म्हणलं. टेबल हो म्हणतंय हे खरंच, पण कशाला हो म्हणतंय ते बघायला पाहिजे.

८ जानेवारी

टेबल नीट वाचलं, म्हणजे खालची बारीक अक्षरं. तो २.४ चा आकडा चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन खालच्या दिशेच्या लोडला आहे (साधारण ७५ किलो), झोळ (पत्र्याचं मधे खाली झुकणं) स्पॅनच्या १८० व्या हिश्शापर्यंत चालेल असं धरून, आणि 'डबल स्पॅन' च्या रकान्यातला. डबल स्पॅन म्हणजे एकच अखंड पत्रा तीन पर्लिनवरून जातो. वाऱ्याच्या उचलीचा रकानाच नाही. तळाला एक ओळ आहे की वाऱ्याचा हिशोब डिझायनरने वेगळा करावा. ही ओळ फोटोत कापली गेलेली, मुद्दाम नसेल कापली पण कापलेली आहे.

आधी खालच्या दिशेचा हिशोब. पत्रेवाल्याच्या कागदावर इनर्शिया (आकारामुळे येणारा ताठपणा) मीटर रुंदीला ६०,००० मिमी चा चौथा घात, स्टीलचा ई (धातूचा स्वतःचा ताठपणा) २ लाख न्यूटन प्रति चौरस मिमी. दोन गाळ्यांवरून अखंड पत्रा २.४ मीटरला ११ मिमी झुकतो, मर्यादा १३ मिमी. पास. म्हणजे टेबल खोटं नाही.

तोच पत्रा एकाच गाळ्यावर टाकला, दोन टोकांना टेकलेला आणि मधे अखंडपणा नाही, तर ५/३८४ चं सूत्र लागतं आणि झोळ येतो २७ मिमी. पत्रा तोच, जाडी तीच, अंतर तेच, फक्त पुढच्या गाळ्यात तो चालू राहिला की तिथेच संपला एवढाच फरक, आणि झोळ अडीच पट. लोक पत्र्याची जाडी विचारतात, पत्रा किती पर्लिनवरून अखंड जातो हे कोणी विचारत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे झोळ स्पॅनच्या चौथ्या घाताने वाढतो. १.६ चं २.४ केलं म्हणजे अंतर दीडपट झालं, झोळ मात्र पाचपट.

११ जानेवारी

वारा. आज दिवसभर हेच.

उघड्या छताला वरूनही वारा आणि खालूनही वारा. बंद शेडमधे खालची बाजू थोडीफार झाकलेली असते, इथे वरच्या बाजूला ओढ आणि खालच्या बाजूला ढकल एकाच वेळी बसते, दोन्हीची दिशा वर. आर्किटेक्टचं म्हणणं होतं की खाली मोकळं आहे, वारा निघून जाईल. मोकळं असेल तर बऱ्यापैकी खरं आहे ते. पण हे गाड्यांचं छत आहे, खाली गाड्या उभ्या राहणार, उद्या कोणी मागच्या बाजूला सामान रचणार नाहीतर एखादा पडदा लावणार, मग खालून आलेला वारा अडतो आणि पत्रा वर ढकलतो. युरोकोडमधे (युरोपच्या बांधकाम नियमांत) सपाट उघड्या छतासाठी खाली पूर्ण मोकळं असेल तर एकूण गुणांक उणे ०.५ (उणे म्हणजे वर उचलणारा) आणि खाली अडथळा असेल तर उणे १.३ आहे. फरक अडीच पटीपेक्षा जास्त. मी अडथळा धरूनच चालले.

वाऱ्याचा वेग ४० मीटर प्रति सेकंद धरला. दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे ९६० न्यूटन प्रति चौरस मीटर. मधल्या भागाला १.३ ने गुणलं, कडेच्या पट्ट्याला १.८ ने. पत्र्याचं स्वतःचं वजन वजा करून मधे १.२ आणि कडेला १.६८ किलोन्यूटन उचल. खालच्या दिशेला ०.७५ आणि वरच्या दिशेला १.६८. टेबल फक्त पहिल्या आकड्याबद्दल बोलतंय.

सगळं छत ६४.८ चौरस मीटर, पूर्ण पत्र्याचं वजन ३०० किलोच्या आसपास, आणि त्यावर वाऱ्याची ओढ १.३ चा गुणांक धरला तर ८ टन. हे आकडे शेजारी शेजारी लिहून आर्किटेक्टला पाठवले. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

मग पत्र्यातला ताण. २.४ च्या दोन गाळ्यांना मधल्या पर्लिनवर मोमेंट (वाकवणारा जोर) डब्ल्यू एल स्क्वेअर बाय आठ (डब्ल्यू म्हणजे लोड, एल म्हणजे लांबी), १.२१ किलोन्यूटन मीटर. सेक्शन मॉड्युलस (आकारामुळे येणारी वाकण्याविरुद्धची ताकद) २,८०० घन मिमी धरला तर ताण ४३२ न्यूटन प्रति चौरस मिमी येतो, आणि पत्र्याचं यील्ड (ज्या ताणाला पत्रा कायमचा वाकतो) ३५०. म्हणजे सेफ्टी फॅक्टर लावायच्या आधीच नापास. १.६ च्या तीन गाळ्यांना ०.४३ मोमेंट, ताण १५४, दीडचा फॅक्टर लावून २३०. बसतं.

इथे कोणीतरी ५५० यील्डचा पत्रा घ्या असं नक्की सुचवणार म्हणून आत्ताच लिहून ठेवते. यील्ड वाढलं की ताकद वाढते, ई तोच राहतो, झोळ एक मिलिमीटरही कमी होत नाही. आणि पातळ कडक पत्रा स्क्रूभोवती चिरतो, ते वेगळंच.

१४ जानेवारी

मीटिंग. चार पर्लिन राहिले. बदल्यात पर्लिनला छतासारखाच रंग द्यायचा असं ठरलं, एवढ्यावर मिटलं.

ढाळाचंही काढलं. आर्किटेक्टने १:५० दाखवलेला, छत सपाट दिसावं म्हणून. मी सांगितलं की साध्या टेकूवरचा पत्रा स्पॅनच्या १८० व्या हिश्शाइतका झुकला तर त्याच्या टोकाला तयार होणारा उलटा चढ साधारण १:५६ असतो, म्हणजे १:५० चा जवळजवळ सगळा ढाळ झोळच खाऊन टाकतो आणि गाळ्याच्या खालच्या टोकाला पाणी थबकतं. थबकलं की वजन, वजन आलं की अजून झोळ, मग अजून पाणी. १ मिमी पाणी म्हणजे चौरस मीटरला १ किलो, ऐकायला काहीच नाही, पण पालापाचोळ्याने गटर तुंबलं की ३०-४० मिमी सहज साठतं. शिवाय आरपार स्क्रू मारलेल्या पत्र्याला एवढा कमी ढाळ मुळात बरा नाही. १:२० वर आणलं. ५.४ मीटरला २७० मिमी उतार. "दिसेल थोडं," म्हणाले. दिसू दे.

१८ जानेवारी

पत्र्याचा नमुना आला, ऑर्डरमधे ०.५० लिहिलेलं. मायक्रोमीटर लावला, ०.४८. ही रंगासकट जाडी. एका कोपऱ्यात रंग खरवडून ०.४५, आणि त्यातही जस्ताचा थर आहे. २७५ ग्रॅमचं कोटिंग दोन्ही बाजू मिळून साधारण ०.०४ मिमी होतं. म्हणजे आतलं खरं स्टील ०.४१, आणि मी हिशोबात ०.४३ धरलेलं.

चूक माझीच. ऑर्डरमधे नुसतं ०.५० लिहिलं, ते बेस मेटल (आतलं नुसतं स्टील) की रंगासकट हे लिहिलंच नाही, मग समोरचा त्याच्या सोयीचा अर्थ घेणारच. इनर्शिया जवळजवळ जाडीच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे ५ टक्के गेला. १.६ ला पचतं, २.४ ला पचलं नसतं. पुढच्या कामापासून 'बेस मेटल इतकं, कोटिंग इतकं, यील्ड इतकं' अशी तीन वेगळी वाक्यं लिहायची.

२१ जानेवारी

वर्कशॉपमधे वाळूच्या पोत्यांची टेस्ट. कोणी सांगितली नव्हती, पण गणितावर भांडण्यापेक्षा पोतं बरं.

मीटरभर रुंद पत्रा, १.६ चे दोन गाळे, २५ किलोची १० पोती सारखी पसरून. दोन टोकांना दोरा ताणला आणि गाळ्याच्या मधे पट्टी धरली, गणितात २.२ मिमी होतं, पट्टीवर ३ आलं. दोऱ्याने एवढंच कळतं, ठीक आहे.

मग मधला पर्लिन काढून, टोकाचा आत सरकवून २.४ चा एकच गाळा, ७ पोती. ३१ मिमी. गणितात २७ होतं, पण पत्र्याच्या दोन्ही मोकळ्या कडा खाली वाकून आडव्या पसरायला लागलेल्या, शेजारी पत्रा असता तर साइड लॅपने (कडेला एकावर एक चढवलेल्या जोडाने) धरून ठेवलं असतं. फिटर काका पोती ठेवता ठेवता म्हणाले, "मॅडम, हा तर झोपाळा झाला." मी फोटो काढून आर्किटेक्टला पाठवला, पट्टीसकट.

२३ जानेवारी

उलटी टेस्ट. डोकं काकांचं, मला फक्त वजन सांगायचं होतं.

उचल तपासायची तर पत्रा वर ओढायला पाहिजे, आणि वर ओढायला आपल्याकडे काही नाही. काका म्हणाले, फ्रेमच उलटी टाका की. पर्लिन वर, पत्रा त्याच्या खाली स्क्रूने लटकवलेला, आणि पोती पत्र्याच्या पोटात पर्लिनच्या मधे मधे ठेवायची. म्हणजे वजन खाली ओढतंय पण पत्र्याला ते पर्लिनपासून दूर ओढतंय, वाऱ्यासारखंच. पत्रा नुसता उलटा करून पर्लिनवर टेकवला असता तर वाकणं तपासलं गेलं असतं पण स्क्रूला काहीच कळलं नसतं.

चौरस मीटरला १.६८ किलोन्यूटन, ३.२ चौरस मीटर, म्हणजे २२ पोती. ५.५ मिमीचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, रिबच्या माथ्यावर, रबरी वॉशरसकट.

पहिल्यांदा एकाआड एक रिबला स्क्रू, साइटवर सगळेच मारतात तसे. दोन गाळ्यांवर अखंड पत्रा असला की मधल्या पर्लिनवर सव्वापट ओढ येते, कडेच्या पर्लिनवर गाळ्याच्या जेमतेम ३/८ इतकीच. मीटरला ३.३६ किलोन्यूटन, तीन स्क्रूंत वाटून एकेकाला ११५ किलोच्या आसपास. सोळाव्या पोत्याला टक् असा आवाज आला. खाली वाकून बघितलं तर मधल्या पर्लिनवरच्या मधल्या स्क्रूपाशी रिबचा माथा वॉशरभोवती चेपलेला, बशीसारखा, आणि शेजारच्या बिनस्क्रूच्या रिबा पर्लिनपासून बोटभर सुटलेल्या. तुटलं काही नाही. बावीस पोती पूर्ण ठेवली, दहा मिनिटं थांबलो, सगळी काढली. बशी तशीच राहिली.

ती बशीच मला जास्त खुपते. वारा एकदा ओढून थांबत नाही, रात्रभर झटके देतो, आणि चेपलेला पत्रा प्रत्येक झटक्याला स्क्रूभोवती वाकतो सरळ होतो वाकतो, शेवटी तारेसारखा तुटतो. १९७४ मधे ऑस्ट्रेलियात डार्विनला ट्रेसी चक्रीवादळ आलं तेव्हा हजारो घरांचे पत्रे गेले आणि नंतरच्या तपासात हेच निघालं, स्क्रू-खिळ्यांभोवती पत्रा थकून चिरलेला. त्यानंतर तिथे पत्र्याला एकदाच लोड लावून पास करणं बंद झालं, पुन्हा पुन्हा झटके देऊन तपासायला लागले.

दुसऱ्यांदा नवीन पत्रा, मधल्या पर्लिनवर प्रत्येक रिबला स्क्रू, एकेकाला ६८ किलो. बावीस पोती, आवाज नाही, बशी नाही, वॉशर नुसता फुगल्यासारखा दिसत होता.

निर्णय : कडेच्या पट्ट्यात आणि आतल्या दोन्ही पर्लिनवर प्रत्येक रिबला स्क्रू. राहिलेल्या ठिकाणी एकाआड एक चाललं असतं, पण साइटवर दोन नियम दिले की तिसराच पाळला जातो. सगळीकडे प्रत्येक रिबला.

२४ जानेवारी

पर्लिनची भिंत ३ मिमी जाडीची आहे का ते पुन्हा विचारून घेतलं. पातळ पाइपमधून स्क्रू उपटून येतो, मग पत्रा कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. आहे.

२ फेब्रुवारी

पत्रे आले, आणि कापून आले.

५.४ मीटरचा एक अखंड नग मागवलेला. गाडी आखूड होती म्हणून पत्रेवाल्याने परस्पर दोन तुकडे केले, ३.६ आणि २.० मीटर, २०० मिमीचा लॅप (एकावर एक चढणारा भाग) धरून. वर फोनवर, "मॅडम, लॅप बरोबर तिसऱ्या पर्लिनवर येतोय, काही प्रॉब्लेम नाही." त्याने विचार केला होता हे मान्य, मला विचारलं नाही एवढंच.

तर मी जे तीन गाळे अखंड धरलेले ते आता राहिले नाहीत. खालचा तुकडा दोन गाळ्यांचा, वरचा एकाच गाळ्याचा. लॅपवर पत्रा पत्र्यावर बसला आणि स्क्रू दोन्हीतून गेला तरी तो अखंड होत नाही, तिथे तो बिजागरीसारखाच वागतो असं धरायचं.

परत हिशोब केला. एका गाळ्याला १.६ वर खालच्या दिशेचा झोळ ५.३ मिमी, स्पॅनचा ३०० वा हिस्सा, चालतं. उचलीला गाळ्याच्या मधे ०.५४ मोमेंट, आधी टेकूवर ०.४३ होतं. इथे अजून एक भानगड म्हणजे उचलीत गाळ्याच्या मधे पत्र्याची खालची रुंद पट्टी दाबात येते आणि पातळ रुंद पट्टी दाबात लगेच लाटा घेते, म्हणून उलट्या दिशेचा इनर्शिया ६०,००० नाही, माझ्या हिशोबात ४५,००० च्या आसपास. तेवढं धरूनही ताण फॅक्टरसकट २९० च्या खाली, बसतं. खालच्या तुकड्याला मधल्या पर्लिनवर तीन अखंड गाळ्यांच्या १.१ पट ओढीऐवजी सव्वापट ओढ, ती टेस्ट झालेलीच आहे.

२.४ ठेवलं असतं आणि असेच कापून आले असते तर छतभर त्या ३१ मिमीच्या झोपाळ्यांची रांग लागली असती, आणि टेबल तेव्हाही हो म्हणत असतं.

पत्रे परत पाठवले नाहीत. लॅपमधे ब्यूटाइल टेपच्या (पाणी अडवणाऱ्या चिकट पट्टीच्या) दोन आडव्या ओळी, हे मात्र सोडायचं नाही.

५ फेब्रुवारी

पत्रा चढवायला सुरुवात. सकाळी सगळ्यांना सांगितलं की पाय ठेवायचा तो स्क्रूच्या ओळीवर, म्हणजे खाली पर्लिन आहे तिथेच. दुपारी एका पोराने गाळ्याच्या मधोमध एका रिबच्या माथ्यावर टाच टेकवली आणि रिब बसली, चार बोटं लांबीचा खळगा. त्याला वाटलं मी ओरडणार, पण यात त्याचं फार चुकलं नाही. एकाच रिबवर ९० किलो आले तर १.६ मीटरला तो ताण यील्डच्या पुढे जातो, शेजारच्या दोन रिबांनी वाटून घेतला तरच निभावतं, आणि टाच वाटून देत नाही. पसरलेला लोड आणि माणसाचा पाय या दोन वेगळ्या तपासण्या आहेत आणि टेबलमधे पहिलीच असते. तो पत्रा बदलला. उद्यापासून फळ्या टाकून चालायचं.

स्क्रूगनचा क्लच कमी केला, दोन-तीन ठिकाणी वॉशर पिळून बाहेर आलेला आणि माथा आधीच दबलेला. संध्याकाळी ड्रिलचा चुरा झाडून घेतला, एक रात्र राहिला तरी गंजाचे ठिपके पडतात.

९ फेब्रुवारी

पत्रा पूर्ण. होज लावून वरच्या टोकाने पाणी सोडलं, कुठेही थबकलं नाही, लॅपमधून थेंब नाही.

आर्किटेक्ट आले होते. खालून बराच वेळ बघितलं, पर्लिनबद्दल काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले की पुढची बाजू ०.३ ऐवजी ०.६ मीटर बाहेर काढता आली असती तर बरं दिसलं असतं. बाहेर काढलेल्या टोकाला मोमेंट डब्ल्यू एल स्क्वेअर बाय दोन, लांबी दुप्पट म्हणजे मोमेंट चौपट, आणि तो तुकडा नेमका कडेच्या १.८ च्या पट्ट्यात येतो. हे तोंडावर सांगितलं नाही. ताकदीला कदाचित बसेलही, पण गटर साफ करायला शिडी टेकणार ती त्याच मोकळ्या कडेला, खाली अँगल दिल्याशिवाय मी सही करणार नाही. तसं मेलमधे लिहिलं.

२१ फेब्रुवारी

परवा रात्री जोराचा वारा झाला म्हणून सकाळी जाऊन आले. डिझाइनच्या जवळपासही नसणार, तरी शिडी लावून कडेच्या पर्लिनवरचा एकेक स्क्रू बघितला. बशी कुठेच नाही, वॉशर जागेवर.

खालून मात्र दोन स्क्रूंची टोकं पर्लिनच्या बाजूला हवेत दिसतायत, तिसऱ्या ओळीत, डावीकडून चौथी आणि पाचवी रिब. पर्लिन चुकून नुसत्या पत्र्यात गेलेत. काकांना फोटो पाठवला. ते काढून भोकांवर सीलंट आणि मोठा वॉशर, आणि शेजारी पर्लिनवर दोन नवीन. गुरुवारी येतो म्हणालेत.